उजव्या बाजूची जाळी

आमचं ऑफिस घाटकोपरहून मरोळला हलवलं तेव्हा मी चाळिशीच्याही आत होते आणि पन्नाशीची दिसत होते. गंमत म्हणून सांगत नाही. पवईच्या बसमध्ये एका कॉलेजच्या मुलीने "आजी, बसा ना" म्हणून मला जागा दिली आणि मी मुकाट्याने बसले. राग यायला हवा होता. पण राग यायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं.

आम्ही मुलुंडला राहायचो. घाटकोपर म्हणजे अंगणच होतं. घरून डबा घेऊन निघालं की केस वाळायच्या आत ऑफिस. मरोळचं तसं नाही. मुलुंडहून मरोळला जायला रेल्वे नाही, मध्ये डोंगर, तलाव आणि दगडाच्या खाणी. एक बस पवईपर्यंत, तिथे रांगेत उभं राहायचं, मग दुसरी बस. दुसरी बस म्हणजे देवाची मर्जी. कधी लागोपाठ तीन यायच्या, कधी अख्खी रांग मान वाकडी करून रस्त्याकडे बघत बसायची. खाणीतले डंपर धूळ उडवत जायचे, आणि ऑफिसात पोचेपर्यंत माझ्या साडीचा रंग कुठला ते मलाच ओळखू यायचं नाही.

आणि पोचायचं कशासाठी, तर मस्टरसाठी. सव्वानऊला शिपाई हजेरीचं मस्टर उचलून साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवायचा. त्यानंतर आलात तर आत जायचं, साहेबांच्या समोर वाकून सही करायची आणि ते लाल पेनने पुढे खूण करणार. तीन खुणा झाल्या की अर्धी रजा गेली. रजा संपल्या की मेमो. भांडुप-मुलुंडकडच्या बायका एकेक करून राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या. कंपनीला तेच हवं आहे, असं आम्ही डबा खाताना बोलायचो. खरं-खोटं देव जाणे.

मला मेमो मिळाला तो दिवाळीच्या आधी. तीन महिन्यांत एकही लेट मार्क दिसता कामा नये, नाहीतर पुढची कारवाई, असं त्यात लिहिलेलं. तो मीच टाइप केला असता तर शुद्धलेखनाच्या चुका तरी कमी झाल्या असत्या.

घरी सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या मालवणकडच्या, सासरे गिरणीत होते तेव्हा लालबागला संसार केला, आणि सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या. मान वर न करता म्हणाल्या, सोड मगे ती नोकरी, घरात काय कमी आसा? कमी काहीच नव्हतं. माझी शाळेत जाणारी मुलगी त्याच सांभाळायच्या, तिची वेणीफणी, तिचा डबा सगळं. तेव्हा त्यांना बोलायचा हक्कही होता.

पण नोकरी सोडायची नव्हती मला. लग्नाच्या आधी टायपिंगच्या परीक्षा देऊन मी ती मिळवली होती. घरात मी सून, आई, वहिनी, काकी. ऑफिसात मला माझ्या नावाने ओळखत, आणि तिथली एक खुर्ची माझी होती. तिच्यावर दुसरं कोणी बसलं असलं तर मी आल्यावर उठून उभं राहायचं. एवढंच. जगात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि ते जाणार म्हणून मी रात्री भिंतीकडे तोंड करून रडले.

आमचे हे भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये होते आणि त्या वर्षी त्यांना कायमची दुसरी पाळी लागली होती, म्हणजे दुपारी जायचं आणि घरी यायचं ते सगळे झोपल्यावर. सकाळ त्यांची मोकळी. रविवारी चहा झाल्यावर ते खाली गेले आणि जिन्याखालची ताडपत्री काढली.

ताडपत्रीखाली मोटरसायकल होती.

तिच्याबद्दल सांगायला हवं. लग्नाआधी त्यांनी ती कुणाकडून तरी जुनी घेतलेली, दोन सायलेन्सरवाली, तांबड्या टाकीची. मला ती फार आवडायची. स्पष्टच सांगते, नवरा आवडायच्या आधी मला गाडी आवडली. नवरा काय, आईवडिलांनी दाखवला. गाडी माझी मी बघितली. लग्नानंतरचे रविवार आम्ही तिच्यावरच काढले. यांचे मामा ट्रॉम्ब्याला क्वार्टर्समध्ये राहायचे, त्यांच्याकडे जायचं, येताना माहुलला थांबून मासे घ्यायचे. रिफायनरीचा वास आणि बोंबलांचा वास एकत्र झाला की आजही मला एकवीस वर्षांची झाल्यासारखं वाटतं. मी एका बाजूला पाय सोडून बसायची, डाव्या हाताने सीटची कडी धरायची, उजवा हात यांच्या खांद्यावर. तेव्हा सगळ्याच बायका तशा बसायच्या. दोन्हीकडे पाय टाकून बसणारी बाई म्हणजे सिनेमातली.

मग एक दिवस आग्रा रोडला, भांडुपजवळ, माझा पदर मागच्या चाकात गेला.

मला आठवतो तो फक्त हिसका. कोणीतरी मागून धरून खाली ओढावं तसा. डाव्या खांद्याचं हाड मोडलं, मनगट मोडलं. हाड जुळलं, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना, तो आजही जात नाही. त्यामुळे अंबाडा मला स्वतःचा स्वतः घालता येत नाही. तेव्हापासून तो सासूबाई घालायच्या, रोज सकाळी, करकचून, डोळे वर ओढले जातील असा. आणि घालताना बोलायच्या. माणसाने चालत्या गाडीवर बसताना पदर सांभाळायला नको? कमरेला खोचायला नको? शेजारीण आली की तिलाही सांगायच्या, गावाहून कोणी आलं की त्यांनाही. माझा मोडलेला खांदा ही आमच्या घरातली कायमची गोष्ट झाली होती आणि तिचं तात्पर्य ठरलेलं होतं.

पण मला एक माहीत होतं आणि यांना माहीत होतं. त्या गाडीला मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला जाळी होती. बायकांची साडी चाकात जाऊ नये म्हणून लोखंडी तारांची जाळी लावतात ना, ती. ती खडखड वाजायची, आणि यांचे मित्र चिडवायचे, काय रे, दूध घालायला निघालास काय? यांनी ती काढून माळ्यावर टाकली. त्याला काही फार दिवस झाले नव्हते, आणि माझा पदर चाकात गेला.

त्याबद्दल हे कधी बोलले नाहीत. हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसून राहिले, जेवले नाहीत, गाडी जिन्याखाली लावून वर ताडपत्री टाकली आणि तिला हात लावला नाही. पण सासूबाई पदराची गोष्ट सांगत असायच्या तेव्हा खाली मान घालून जेवत राहायचे. मीही बोलले नाही. सुरुवातीला वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील. मग वाट बघायचाही कंटाळा आला. एवढा राग मनात धरून पोळ्या लाटत बसायचं म्हणजे राग तरी राहतो किंवा पोळ्या तरी नीट होतात. मी पोळ्या निवडल्या.

तर त्या रविवारी त्यांनी ताडपत्री काढली. मग वर येऊन, स्टूल घेऊन, माळ्यावरून ती जाळी काढली. जुन्या पेपरात गुंडाळलेली होती. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि ते जाळी घेऊन खाली गेले.

पुढचे दोन-तीन आठवडे आमच्या जिन्याखाली नुसता रॉकेलचा वास. टायर बदलले, प्लग बदलला, कार्बोरेटर सगळा उघडून थाळीत ठेवला, माझ्या पोह्याच्या थाळीत. किक मारून मारून त्यांचा घोटा सुजला. शेवटी गाडी सुरू झाली तेव्हा जिन्यात इतका धूर झाला की वरच्या मजल्यावरून बायका ओरडायला लागल्या. हे एकटेच पाचरस्त्यापर्यंत जाऊन आले. आले तेव्हा घामाने थबथबलेले होते. मला वाटलं होतं, पूर्वीसारखे ऐटीत येतील. कसले डोंबल.

म्हणाले, सकाळी मी तुला मरोळला सोडीन. संध्याकाळी ये तू बसने, संध्याकाळी कोण लाल पेन घेऊन बसलंय?

मी म्हटलं, मेले तरी त्या गाडीवर बसणार नाही.

आणि पुढच्या आठवड्यात पवईच्या रांगेत उभी असताना एक बस न थांबता गेली, दुसरी थांबली पण दारातच माणसं लटकलेली, आणि मी रडकुंडीला आले. त्या दिवशी साहेब रजेवर होते म्हणून वाचले, लाल खूण झाली नाही. पण असे साहेब कितीदा रजेवर जाणार? घरी आले आणि यांना म्हटलं, बसते. पण साडीत नाही, आणि एका बाजूला पाय सोडून तर नाहीच नाही. पंजाबी ड्रेस शिवीन आणि पुरुषासारखी बसेन. चालेल?

यांना चाललं असतं. घोडं अडलं ते सासूबाईंपाशी. आजच्या मुलींना हे सांगितलं तर हसतील, पण तेव्हा आमच्यासारख्या घरात लग्न झालेल्या, मूल असलेल्या बाईने ड्रेस घालून बाहेर पडायचं म्हणजे मोठी गोष्ट होती. दोन दिवस घरात अबोला. मग यांनी मध्यस्थी केली. आई, ओढणी घेईल ती, चांगली अंगभर घेईल, कुणाला काही दिसायचं नाही. सासूबाईंनी विचार केला आणि हुकूम सोडला, घाल बाये काय ता, पण ओढणी होयी. बिनओढणीची माज्या जिन्यान उतरा नको.

म्हणजे बघा, साडीचा पदर नको म्हणून ड्रेस शिवला आणि ड्रेसवर पदराएवढीच लांब ओढणी घेतली. हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अडीच वार पांढरी व्हॉइल, काठाला हिरवी वेल. मला ती आवडलीसुद्धा होती.

पहिल्या दिवशी अख्खी बिल्डिंग गॅलरीत. मी खाली मान घालून गाडीवर बसले. दोन्ही बाजूंना पाय, खाली पाय ठेवायला पक्के दांडे, आणि पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं आपण अर्धवट बसत होतो. हे निघाले ते सायकलवाल्याने मागे टाकावं इतक्या हळू. आग्रा रोड येईपर्यंत माझे दात घट्ट मिटलेले. गांधीनगरला पवईकडे वळलो आणि यांनी मागे न बघता विचारलं, "पदर घेतलास ना?"

मी म्हटलं, अहो, पदर कुठंय? ड्रेस आहे. ते बरं म्हणाले. साकीनाक्याला पुन्हा तेच, पदर घेतलास ना? मी वैतागले. मग लक्षात आलं की हे मला विचारतच नव्हते. तोंडातून आपोआप बाहेर पडत होतं ते.

आता आनंदाचं सांगते, कारण तोही होता. पवईला तलाव लागला की हवा एकदम गार व्हायची. डंपरची वर्दळ वाढायच्या आधीची वेळ, धूळ बसलेली, पाण्याचा शेवाळी वास. इंजिनचा तो जुना फटफट आवाज पायांतून वर चढायचा आणि माझ्या अंगातलं काहीतरी मोकळं व्हायचं. एका बाजूला बसायची तेव्हा मी यांचा खांदा धरायची. आता दोन्ही हात यांच्या कमरेभोवती. डावा हातही, कारण तो वर जात नसला तरी पुढे जातो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर भर रस्त्यात नवऱ्याला मिठी मारून बसायचं, लाज वाटायला हवी होती. मला झोप आली. खरंच. त्यांच्या पाठीवर गाल टेकला की माझे डोळे मिटायचे. मी पाचला उठलेली, ते मध्यरात्री पाळी संपवून आलेले. दोन दमलेली माणसं एका जुन्या गाडीवर, एकाने झोपायचं नाही एवढाच नियम. त्यांनाही डुलकी यायची. मला कळायचं, पाठ सैल पडायची. मग मी चिमटा काढायची. आणि मी झोपले असं वाटलं की ते विचारायचे, पदर घेतलास ना?

धोके काय, पावलोपावली. वळणावर सांडलेली खडी, तिच्यावरून चाक सरकायचं. हॉर्न न देता बाजूने जाणारे डंपर. पण मस्टर हातात मिळत होतं. शिपाई म्हणायला लागला, बाई, आजकाल माझ्या आधी येता. एक महिना गेला, दुसरा गेला. ओढणीची दोन्ही टोकं मी बसताना मांडीखाली दाबून घ्यायची आणि खांद्यावर एक सेफ्टी पिन लावायची. डाव्या बाजूला जाळी होतीच. यांनी ती असे बोल्ट लावून बसवली होती की गाडी मोडली असती, जाळी निघाली नसती.

मेमोची मुदत संपायला आठवडा राहिला होता. थंडीचे दिवस, तलावावर धुकं. आदल्या रात्री मुलीला ताप, मी जागी, हे आले तेही जागे. सकाळी निघालो तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत वाळू. पवईच्या आधीच मला झोप लागली असणार, कारण मांडीखालची ओढणी केव्हा निसटली ते मला कळलंच नाही. उजव्या बाजूची. उजव्या बाजूला जाळी नव्हती. जाळी डावीकडेच लावतात, कारण बायका डावीकडे पाय सोडून बसतात. मी सरळ बसायला लागले तेव्हा दुसरी बाजूही उघडी पडली, हा विचार यांनी केला नव्हता, मी केला नव्हता, सासूबाई तर सोडाच.

तोच हिसका. इतक्या वर्षांनी, पण मी लगेच ओळखला. या खेपेला गळ्याला. ओरडायला गेले तर आवाजच फुटेना. मी मुठीने यांच्या पाठीत मारायला लागले, जिवाच्या आकांताने, आणि त्यांनी ब्रेक दाबला. पिन उचकटली, व्हॉइल टर्रकन फाटली आणि मी गाडीवरच राहिले. पडले नाही. पडले नाही हे कळायलाही मला वेळ लागला. मागून एक डंपर हॉर्न देत बाजूने गेला.

यांनी गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली. चाक उलटं फिरवून तारांतून ओढणीचा चोळामोळा बाहेर काढला. काळा, तेलकट. माझा गळा भाजल्यासारखा झाला होता, पण श्वास येत होता. मी म्हटलं, काही झालं नाही हो. त्यांना ऐकू गेलं नाही. तलावाच्या कडेच्या कठड्यावर बसले, ओढणी हातात घेऊन, आणि त्यांचं सगळं अंग कापायला लागलं. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला तसं बघितलं नव्हतं. त्यांचे वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

मग ते म्हणाले, "जाळी मी काढली होती."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तेव्हाची," ते म्हणाले. "तुझा पदर नीट होता. जाळी मी काढली होती."

किती वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती. मनातल्या मनात मी त्याला काय काय उत्तरं तयार ठेवली होती. एकेक असं झणझणीत की ऐकणाऱ्याने परत तोंड वर काढू नये. आणि आता ते वाक्य आलं तर माझ्यात काहीच शिल्लक नव्हतं. राग होता कुठेतरी, पण त्याच्यापेक्षा मोठी दया होती, आणि दयेपेक्षाही मोठा थकवा. ते म्हणत होते, आता नाही चालवणार, ही गाडी आजच भंगारात देतो, तू बसने जा, नाहीतर सोड ती नोकरी, जीव राहू दे. आणि मला दिसत होतं की त्यांनी गाडी सोडली तर माझी खुर्ची गेली. आणि पदराची गोष्ट तशीच राहिली, कायमची.

मी त्यांच्या हातातली ओढणी घेतली. म्हटलं, "माहीत आहे मला. तेव्हापासून माहीत आहे. उठा आता, मस्टर आत जाईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड धुतल्यासारखं ओलं होतं. मी ओढणी गाडीच्या डिकीत कोंबली, पान्ह्यांच्या शेजारी, आणि गाडीवर चढून बसले. ते आले. किक मारली, लागली नाही. दुसरी मारली. साकीनाक्यापर्यंत त्यांनी पदराचंही विचारलं नाही. मी त्यांना इतकं घट्ट धरलं होतं की माझे हातच दुखायला लागले.

शिपायाने मस्टर उचललेलं होतं. मी धावत जाऊन त्याच्या हातातच सही केली. तो माझ्या गळ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी बिनओढणीची मी तशीच ऑफिसात बसले. सकाळी फाइल छातीशी धरून फिरत होते, दुपारनंतर विसरून गेले.

संध्याकाळी दोन बस बदलून घरी आले तेव्हा हे पाळीला गेले होते. सासूबाईंनी दार उघडलं, मला आपादमस्तक बघितलं आणि आत जाऊन चहा टाकला. मी मनात म्हटलं, आता उद्या ऐकायचंय.

सकाळी नेहमीप्रमाणे त्यांच्यासमोर पाठ करून बसले. त्यांनी केस विंचरले. मानेवरचे केस वर उचलले आणि त्यांचा हात थांबला. गळ्याभोवती लाल वळ होता, मागपर्यंत गेलेला. मी वाट बघत राहिले, आता सुरू होईल. त्यांनी वळाला एक बोट लावलं, नुसतं लावलं.

"पदराची चूक नाय होती गो, बाये," त्या म्हणाल्या. "त्येना माका काल सांगल्यान."

म्हणजे यांनी पाळीला जायच्या आधी आईला सगळं सांगितलं होतं. मला तोंड वळवून त्यांच्याकडे बघावंसं वाटलं, पण केस त्यांच्या हातात होते. मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी अंबाडा घातला. त्या दिवशी सैल घातला, ऑफिसात पोचेपर्यंत सुटलासुद्धा. मी बिनओढणीची जिन्याने उतरले आणि त्या दारात उभ्या होत्या. त्यांनी अडवलं नाही. पदराची गोष्ट त्यांनी नंतर कधी कुणाला सांगितली नाही, गावाहून कोणी आलं आणि विचारलं तरीही.

त्याच आठवड्यात यांनी वर्कशॉपमध्ये सळ्या वाकवून उजव्या बाजूची जाळी केली. दोन्ही बाजूंना जाळ्या लावलेली ती गाडी इतकी बेंगरूळ दिसायची की पोरं बघून हसायची. मेमोची मुदत संपली, खूण झाली नाही. त्याच खुर्चीवरून मी पुढे रिटायर झाले. गाडी आणखी काही वर्षं चालली. मग यांची पाठ धरायला लागली आणि ती खरंच भंगारात गेली. जाळ्या यांनी काढून ठेवल्या. माळ्यावर आहेत.

आता आम्ही रिक्षाने जातो. मी बहुतेक ड्रेसच घालते, ओढणी कधी घेते, कधी नाही. आधी मी चढते, मग हे चढतात, आणि रिक्षावाल्याला चला म्हणायच्या आधी मान वळवून विचारतात, पदर घेतलास ना? पूर्वी मी वैतागायची, अहो, पदर कुठंय म्हणायची. आता नाही म्हणत.

"घेतला," मी सांगते. मग ते रिक्षावाल्याला चला म्हणतात.